बुंध्याशी ठेवलेले तांदूळ

अमळनेर, २५ जून २०००

ती. दादास,
भानुमतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं शेवटचं पत्र येऊन चार महिने झाले. शालिनी म्हणते, मामा लिहीत नाहीत म्हणजे तिकडं सगळं ठीक असणार. मी तिला म्हटलं, तुझ्या मामाचं ठीक असलं की चार पानं येतात, दोन गुडघ्याची आणि दोन पोटाची. गप्प बसला म्हणजेच काहीतरी आहे.

एक काम सांगायचं आहे. ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. इथं अंगणात मोरीच्या पाण्यावर एक निंब उगवला आहे. कुणी लावला नाही. माझ्या कमरेला लागतो. परवा त्याच्याजवळ भांडी घासत बसले होते आणि मनात आलं, शालिनीचे वडील तिकडं मिलच्या आवारात सात वर्षं एकटे बसले आहेत. मिलला ताला, माणूस नाही, जवळ यायचं तर तू एकटा. त्यांना इकडंच का बोलावू नये?

तुला आठवत असेलच. दहाव्याला घाटावर दोन तास कावळा शिवेना. सगळ्यांनी सगळी वचनं दिली, तरी नाही. मग मीच म्हटलं, ते धरण्याला ज्या निंबाखाली बसले आणि जिथं पडले तिथं पान घेऊन चला. पान ठेवलं न ठेवलं तोच वरच्या फांदीवरून कावळा उतरला. मी तेव्हाच समजले, हे घरी आलेच नाहीत. तिथंच राहिले. तू सर्वांसमोर म्हणालास, "दाजी, मिलचा ताला खुलेपर्यंत मी या झाडाला अंतर देणार नाही."

तर आता दिव्याच्या अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी तू विचारणं कर, झाडात बसलेल्याला दुसऱ्या झाडात जा म्हणून विनवायचं ते. आबांनी ते बोल तुलाच शिकवले. मिलमध्ये साधी फांदी तोडायची झाली तरी साहेब तुला सांच्यावरून, चालत्या मागावरून बोलावून घ्यायचे. तसंच कर. जागा सांग अमळनेर, भानूच्या अंगणातला निंब. सकाळी पानावरचे तांदूळ हलले, म्हणजे ते निघाले, की मला कळव.

तुझी,
भानू

*

इंदूर, ८ जुलै २०००

चि. गं. भा. भानुमतीस,
भिकाजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तर लगेच लिहिणार होतो, पण डाव्या गुडघ्यात कळ आहे आणि पोस्टात गेलं की अंतर्देशीय संपलेलं असतं. चौथी शिकलेल्या माणसाला पत्र लिहायला वेळ लागतो, हे तुला ठाऊक आहे. पोटही बरं नाही. डॉक्टर म्हणतो चहा सोडा. शैलजा दिवसातून दोनदाच देते, तोही अर्धा कप. सूनबाई वाईट नाही, पण मोजून देते.

मिल विकली गेली हे तुला लिहिलं होतं की नाही आठवत नाही. आवारात आता कॉलनी होणार आहे. मोठमोठे फलक लागले आहेत, त्यांवर हिरवळीत उभी असलेली गोरी माणसं काढली आहेत. तशी माणसं आपल्या परदेशीपुऱ्यात मी कधी पाहिली नाहीत.

विचारण्याचं म्हणालीस. अगं, आता मला ते बोल नीट आठवतात का, मलाच शंका आहे. आबांना जाऊन पस्तीस वर्षं झाली. आणि असं एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवायचं असतं का? आपण एका आवारातून शेजारच्या आवारात जा म्हणायचो. मध्ये नर्मदा आहे, तापी आहे. त्यांना वाट सापडेल का? शिवाय आवारात आता कुणाला आत सोडत नाहीत. फाटकावर चौकीदार बसवला आहे.

तू तब्येतीला जप. निंबाचं पाहू. घाई कसली आहे?

तुझा,
दादा

*

अमळनेर, १५ जुलै २०००

ती. दादास सा. न.

फाटकावर चौकीदार बसवला आहे म्हणे! शैलजानं शालिनीला फोनवर सगळं सांगितलं आहे. तो चौकीदार आपला शामच ना? मग पोरगा स्वतःच्या बापाला फाटकातून आत सोडत नाही की काय? की तुझ्याकडूनही गेटपास मागतो?

चांगली गोष्ट झाली. चार वर्षं पोरगा घरी बसून होता. एवढी मोठी बातमी तू मला चार महिने कळवली नाहीस, याचं नवल वाटलं. पेढे मागेन म्हणून भ्यालास काय?

नर्मदा-तापीचं सोंग मला सांगू नकोस. आपले आबा साताऱ्याहून इंदूरला आले, तेव्हा गावच्या आंब्यातलं जे काही होतं ते सुपारीत घालून आणलं, असं आईच सांगायची. आणि बोल तू विसरणार? वहिनीचं नाव विसरशील एक वेळ, बोल विसरणार नाहीस.

दादा, मी त्रेसष्टची झाले. मला दुसरं काही मागायचं नाही. हे एवढं कर.

भानू

*

इंदूर, २३ जुलै

दाजींना,
भिकाजीचा दंडवत.

हे पत्र टाकायचं नाही. टाकणार तरी कुठं? पाकिटावर संताजीराव एवढं लिहिलं आणि पुढं पेन थांबलं.

तुमचा निंब होळीनंतरच्या चौथ्या दिवशी कापायला घेतला. तो माझ्या शब्दावर कापला.

जमीन ज्यांनी घेतली त्यांचा ठेकेदार मला बोलवायला घरी आला. पलासियाला त्याच्या ऑफिसात घेऊन गेला, पंख्याखाली बसवलं, चहा दिला. पूर्ण कप. म्हणाला, "काका, झाबुआ के मजदूर लाया हूँ, कुल्हाड़ी नी उठा रिए. बोलते हैं इस नीम में कोई बैठा है. पुराने लोग बोले कि मिल में पूछने का काम तुम करते थे. तो पूछ दो भिया एक बार, अपना भी काम निकल जाए." मी म्हटलं, त्यानं नाही म्हटलं तर? तो हसला. "अरे काका, वो नी बोलेगा. तुम समझा देना. और शाम की फिकर छोड़ो, गेट पे वर्दी पहना के खड़ा कर दूँगा."

मी त्याला सांगायला हवं होतं, की तिथं बसला आहे तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. तसं म्हटलं नाही. चहा संपवला.

संध्याकाळी केलं सगळं रीतीप्रमाणे. बुंध्याशी पळसाचं पान, त्यावर तांदळाच्या पाच लहान राशी, सुपारी, हळदकुंकू. बोल बोललो. "इथं जो कुणी राहतो, पाखरू असो, सर्प असो, पितर असो, त्यानं ऐकावं. उद्या या झाडाला हात लागणार आहे. आमच्यावर राग धरू नये. आपण जागा सोडावी." मजूर लांब हात जोडून उभे होते. त्यांचा मुकादम थावरिया, तिशीतला असेल, त्यानं पागोटं काढून खाली ठेवलं होतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. दाजी, पाचही राशी जशाच्या तशा होत्या. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. तीस वर्षं हे काम केलं, असं दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा मी साहेबाला सांगितलं होतं, नाही साहेब, झाड राहू द्या. साहेबानं ऐकलंही होतं.

मागं मजुरांचे आवाज आले. मी चपलेच्या टोकानं राशी विस्कटल्या. आणि वळून म्हणालो, "चला गया."

थावरियानं आधी झाडाला हात लावून तो डोळ्यांना लावला. मग कुऱ्हाड घातली. तिसऱ्या दिवशी मोठी फांदी त्याच्या पायावर आली. पंजा गेल्यातच जमा आहे. मी बघायला गेलो तर तो मलाच म्हणाला, "बाबा, तुमने तो पूछ लिया था. चूक मेरी है. उस दिन सबेरे कुल्हाड़ी उठाने के पहले मैंने बीड़ी पी ली थी." मी म्हणालो, आराम कर.

आता भानू म्हणते, विचारणं कर. कुणाला विचारू? तिथं खड्डा आहे, त्यात पाण्याची टाकी होणार आहे.

भिकाजी

*

इंदूर, २ ऑगस्ट २०००

चि. भानुमतीस आशीर्वाद.

तू सांगितलेलं काम केलं. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी पान ठेवलं. सकाळी तांदूळ हलले होते. तुझ्याकडं यायला निघाले असतील.

जास्त काही लिहीत नाही. पाऊस फार आहे, डोकं दुखतं. निंबाला फार पाणी घालू नकोस, मुळं कुजतात.

दादा

*

अमळनेर, १९ ऑगस्ट २०००

ती. दादास भानूचा सा. न. आणि राखी मिळाली असेलच.

आले! काय सांगू तुला. अमावस्येनंतरच्या सहाव्या दिवशी निंबाला शेंड्यावर तांबूस पालवी फुटली. शालिनी म्हणते श्रावणात सगळ्याच झाडांना फुटते. मी म्हटलं, फुटते ना? मग तू कशाला कुरकुरतेस?

मी रोज सकाळचा चहा त्याच्याजवळ बसून घेते. बोलते थोडं. जे जे राहून गेलं होतं ते. तुमच्या धरण्याच्या नादात पोरीचं बाळंतपण मी एकटीनं काढलं, हेसुद्धा सांगून टाकलं. सात वर्षांनी भांडण झालं आमचं! बरं वाटलं. रात्री झोप लागते. गोळी बंद केली.

आता दुसरी गोष्ट. जावईबापू एस.टी.त आहेत हे तुला ठाऊक आहे. त्यांची बदली नाशिकला झाली. दसऱ्यानंतर सगळे निघतील. मी येणार नाही असं सांगून टाकलं. जावईबापू बिचारे म्हणाले, "आई, झाडासाठी?" मी म्हटलं, झाडासाठी नाही हो, माणसासाठी. सात वर्षांनी आलेल्या माणसाला टाकून जाऊ? त्यांना आता कोण हलवणार? तुला परत त्रास देणं बरं नाही, आणि माणसानं तरी किती वेळा घर बदलावं! घरमालकाकडं पुढची खोली मागितली आहे. अंगण तिलाच लागून आहे. शालिनी रडते आहे, पण रडेल चार दिवस.

दादा, तुझे उपकार फिटायचे नाहीत.

भानू

*

इंदूर, २८ ऑगस्ट २०००

भानू,

तुझं पत्र आल्यापासून जेवण जात नाही. पोटाचं नाही हे.

तू नाशिकला जा. शालिनीबरोबर जा. त्या निंबात कुणी नाही.

यासोबत एक पत्र घालतो आहे. ते मी दाजींना लिहिलं होतं. तुला दाखवायचं नव्हतं. जुलैपासून गादीखाली ठेवलं होतं. शैलजानं गादी उन्हात घालायला काढली तेव्हा माझा जीव उडाला. ते आधी वाच आणि मग हे वाच.

वाचलंस? तर असं आहे. झाड मार्चमध्येच गेलं. अमावस्येला मी कुठंही गेलो नाही. घरातच होतो. पान ठेवलं नाही, बोल बोललो नाही. तुला लिहिलं, तांदूळ हलले. पहिल्यांदा पायानं हलवले आणि दुसऱ्यांदा पेनानं.

मला वाटलं होतं, तुझं समाधान होईल आणि विषय संपेल. तू त्याच्यापायी पोरीला सोडून एकटी राहशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुला रात्री-अपरात्री काही झालं तर तोंडात पाणी कोण घालील? एक रिकामं रोपटं?

शामला यातलं काही ठाऊक नाही. तो वर्दी घालून निघाला की मी तोंड फिरवतो. त्याला वाटतं, बापाला चौकीदारीची लाज वाटते. परवा म्हणाला, "बाबा, मिल में तुम भी तो नौकर ही थे." मराठी बोलत नाही तो आता रागावला की. त्याची लाज नाही, माझी आहे, हे त्याला कसं सांगू?

थावरिया अजून इथंच आहे. कॉलनीच्या आवारात पत्र्याच्या खोपटात. बायको विटा वाहते, तो सिमेंटच्या पोत्यांवर नजर ठेवून बसतो. मी दूध आणायला आता लांबच्या रस्त्यानं जातो.

तू मला काय बोलायचं ते बोल. पण नाशिकला जा.

भिकाजी

*

इंदूर, १५ सप्टेंबर २०००

भानू,

तुझं पत्र नाही. अठरा दिवस झाले. मिळालं की नाही तेवढंच कळव. शैलजाला सांगून फोन करवला, तर शालिनी म्हणाली, "आई बरी आहे, बोलत नाही." माझ्याशी बोलत नाही की कुणाशीच नाही, ते विचारायचं राहिलं. पोस्टमनला रोज विचारतो. तो म्हणतो, काका, आलं असतं तर दिलं असतं, मी वाचायला घरी नेतो का?

गोळी परत सुरू कर.

दादा

*

अमळनेर, १९ सप्टेंबर २०००

दादा,

पत्र मिळालं. दोन्ही मिळाली.

सतरा दिवस मी निंबाकडं गेले नाही. मोरीचं पाणी जातं तेवढंच त्याला. तुझ्या पत्रानंतर सकाळी उठून सवयीनं कप घेऊन निघाले आणि दारातच उभी राहिले. मग तो चहा तिथंच ओतला. शालिनीनं विचारलं, आई, काय झालं? काय सांगायचं? तुझ्या मामानं तुझ्या बापाला बेघर केलं, आणि मग माझ्याकडं आल्याचं खोटं पत्र धाडलं, असं सांगू?

तू पोटासाठी केलंस हे मला कळतं. गिरणीवाल्यांची पोरं रिकामी बसलेली मीही पाहिली आहेत. माझ्याजवळ येऊन म्हणाला असतास, भानू, शामची नोकरी आहे, मी दाजींना हलवतो, तर मी स्वतः तांदूळ निवडून पाठवले असते. पण तू विचारलं नाहीस. सगळ्या झाडांना विचारणारा तू, मला तेवढं विचारलं नाहीस.

एक गोष्ट मला सांग, त्यावर माझं जाणं-राहणं ठरेल. तुझ्या पत्रात तू बोल लिहिलेस. "आपण जागा सोडावी" इथवर लिहिलेस. ते बोल मलाही पाठ आहेत, आबांच्या मागं मीही उभी असायची. त्याच्यापुढं एक ओळ असते. "आपण अमुक ठिकाणी जावं." जागा सांगितल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही, असं आबा म्हणायचे. ती ओळ तू लिहिली नाहीस.

यांना कुठं जा म्हणालास? खरं लिही. तिथं जाऊन मी राहीन, मग ते कुठंही असो. पण आता बनवू नकोस.

भानू

*

इंदूर, २६ सप्टेंबर २०००

भानू,

चार वेळा लिहून फाडलं. एकात लिहिलं होतं, मी म्हणालो भानूकडं जा. ते वाचून तुला बरं वाटलं असतं. ते खरं असतं तर मलाही. पण तू बनवू नकोस म्हणालीस.

त्या संध्याकाळी ती ओळ आली आणि मी आवारात चारी बाजूंना पाहिलं. चिंच, बाभळी, ऑफिसापुढचा गुलमोहर, सगळ्यांवर चुन्याची फुली होती. सगळीच जाणार होती. कुठलं झाड दाखवू? मजूर थांबले होते. तेव्हा मी म्हणालो, "दाजी, आपण माझ्या घरी यावं. भिकाजीच्या घरी."

आणि सकाळी तांदूळ हलले नव्हते.

म्हणजे ते माझ्या घरी यायला तयार नव्हते. मला तेव्हाच कळलं, आणि का ते सुद्धा कळलं. ते तुला सांगायचं म्हणून हे पत्र. सात वर्षं पोटात आहे.

ते पडले त्या दिवशी दुपारी तू माझ्या घरी धावत आली होतीस. शेजारच्या टेम्पोवाल्याची आणि माझी ओळख, म्हणून. तुझी वहिनी दारात आली आणि म्हणाली, "हे बेटम्याला गेलेत." भानू, मी बेटम्याला गेलो नव्हतो. मी आतल्या खोलीत होतो. धरण्याला बसणाऱ्यांची नावं मिलवाले लिहून नेत होते तेव्हा. कुणीतरी सांगितलं होतं, मिल परत उघडली तर त्या नावांना आत घेणार नाहीत. म्हणून आठ दिवसांपासून मी जाणं सोडलं होतं. दाजींनी दोनदा निरोप धाडला, मी पोट दुखतं म्हणालो. दार वाजलं तेव्हा वाटलं, धरण्याचेच लोक मला न्यायला आले. म्हणून तिला तसं सांगायला लावलं.

मग तुझा आवाज ऐकू आला. तू म्हणालीस, वहिनी, यांना कसंतरी होतंय. तो आवाज मी ओळखला. तरी उठलो नाही. आता कसा बाहेर जाऊ, बेटम्याहून इतक्यात कसा आलो म्हणू, एवढाच विचार करत उभा राहिलो. पाच मिनिटं. तेवढ्यात तू गेलीस.

ज्या घरातून मी नाही असं सांगितलं गेलं, त्या घरात ते कशाला येतील? त्यांनी नाही म्हटलं. आणि मी पायानं त्यांचं नाही पुसून टाकलं.

ते आता कुठं आहेत मला ठाऊक नाही. माझ्या घरी नाहीत. तू कुणासाठी थांबू नकोस.

भिकाजी

*

अमळनेर, ४ ऑक्टोबर २०००

ती. दादास,
भानुमतीचा नमस्कार.

तू आत होतास हे मला त्याच दिवशी कळलं. वहिनी बेटमा म्हणाली आणि आतून तू खोकलास. तुझा खोकला मी लहानपणापासून ऐकते आहे. वहिनीनं मान खाली घातली. तिचं तोंड बघवेना, म्हणून मी तशीच मागं फिरले.

हे अजून शुद्धीवर होते. निंबाखाली बाजेवर निजवलं होतं. विचारलं, "भिकाजी येतोय ना?" मी म्हटलं, तो बेटम्याला गेलाय, निरोप धाडलाय, येईल. ते म्हणाले, "मग येईल." तुझ्याबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं. मी कधी कळू दिलं नाही, आणि परवा निंबाजवळ बसून सगळं भांडले, त्यातही हे काढलं नाही.

तेव्हा तांदळांचं कारण तू नाहीस. तू स्वतःला तेवढा मोठा समजू नकोस. त्यांना मिल सोडायची नव्हती, एवढंच. ताला खुलेल म्हणून बसलेला माणूस तो. त्याला कुणीही, कुठंही बोलावलं असतं, अगदी मी बोलावलं असतं, तरी उठला नसता. हे आता कळलं, आणि कळल्यावर मला रडू आलं. सात वर्षांत पहिल्यांदा तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी आलं.

सात वर्षं प्रत्येक पत्र उघडताना वाटायचं, आज दादा लिहील. तू गुडघ्याबद्दल लिहायचास.

आम्ही रविवारी नाशिकला निघतो. मीही. शालिनीनं माझं गाठोडं माझ्या आधी बांधून ठेवलं आहे. काल संध्याकाळी निंबाला पाणी घातलं. निंब आहे तो, तहान त्यालाही लागते. घरमालकीण घालीन म्हणाली आहे.

मी तुला माफ केलं की नाही, ते विचारू नकोस. माझं मला अजून समजलं नाही. पण मला ठाऊक होतं, दादा. ठाऊक असलं की माणूस कसंही निभावून नेतो. त्या थावरियाला ठाऊक नाही. तो मोडका पाय घेऊन पत्र्याखाली बसला आहे आणि एका बीडीला दोष देतो आहे. उद्या सकाळी दूध आणायला जवळच्या रस्त्यानं जा, आणि आधी त्याला सांग. मग मला लिही.

भानू